‘प्रतिऑक्सिडीकारक’ : कर्म हरवलेली संज्ञा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात उघड्यावर पडलेल्या सळईवर पावसाळ्यात गंज चढतो, तेव्हा ऑक्सिडीभवन कशाचे झाले हे कोणास विचारावे लागत नाही. गंज रोखणाऱ्या लेपाचा गुणही त्या सळईवरच पारखावयाचा असतो. समुद्री स्पंजांच्या अर्कांवरील प्रबंधांत मात्र ‘प्रतिऑक्सिडीकारक क्रिया आढळली’ एवढ्यावर निष्कर्ष उभा राहतो. संज्ञा सकर्मक, आणि कर्माचा पत्ता नाही. हा दोष केवळ व्याकरणाचा नव्हे.

या प्रबंधांतील नेहमीची कसोटी डीपीपीएचची. ब्लॉइस याने ती १९५८ साली मांडली. या मुक्त मूलकाचे जांभळे द्रावण अर्काने पिवळसर होते व ५१७ नॅनोमीटरवरील शोषण घटते. परंतु डीपीपीएच हा बाटलीत टिकणारा कृत्रिम मूलक होय. सजीव पेशीत तो नसतो. सिद्ध होते ते ‘अर्काने डीपीपीएचचे शमन केले’ इतकेच. शिवाय अनेक स्पंज मुळातच रंगीत असतात; अर्काचा स्वतःचा रंग वजा केला नसेल, तर तेवढेही सिद्ध होत नाही.

लोहाच्या कसोटीत अडचण अधिक गहन आहे. बेन्झी व स्ट्रेन यांच्या १९९६ च्या पद्धतीत फेरिक लोहाचे फेरसमध्ये क्षपण होऊन निळा रंग उमटतो. रंग जितका गडद तितका अर्क गुणी. पण फेंटनने १८९४ साली वर्णिलेल्या विक्रियेत हेच फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या संगतीने हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. ज्या कृत्याबद्दल अर्कास ‘प्रति’ ही पदवी मिळते, तेच अन्यत्र ऑक्सिडीभवनास हातभार लावू शकते!

‘अर्क’ हा शब्दही निर्दोष नाही. मूळ अरबी शब्द घामाचा वाचक. तो ऊर्ध्वपातनाने थेंबथेंब गळणाऱ्या द्रवास लागला. मेथॅनॉलात स्पंज भिजवून मिळते ते वैद्यकातील ‘हिमा’च्या अधिक जवळचे. रूढीस हरकत नाही. मात्र त्यातील द्रव्ये किती, आणि ती स्पंजाची की त्याच्या अंगी वसणाऱ्या जिवाणूंची, हे या शब्दाआड झाकले जाते. बर्गमन व फीनी यांनी १९५१ साली स्पंजातून स्पंजोथायमिडीन हे द्रव्य वेगळे करून त्यास नाव दिले, म्हणून पुढे सायटाराबिन या औषधाकडे वाट निघाली.

रत्नागिरी वा मालवणच्या खडकांवरील स्पंज घेणाऱ्या विद्यार्थ्यास कर्म शोधावयास दूर जावे लागणार नाही. तारलीचे तेल खवट होते हे कोकणात सर्वांस ठाऊक आहे. ते अर्कासह व अर्काविना ठेवावे, ठरावीक दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य मोजावे, आणि प्रबंधाच्या शीर्षकात त्या तेलाचे नाव घालावे.