हार्बिनचा अर्धा दाखला

कर्करोगावर चिनी काढ्यांची बाजू घेताना आपण हार्बिनचा दाखला हटकून देतो. दाखला खराच, पण आपण तो अर्धाच सांगतो. १९७०च्या दशकात झांग टिंगडाँग यांच्या हाती एक गावठी औषध आलं. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता, भेकाचं विषही होतं. एकेक घटक वगळून पाहिला, तेव्हा गुण सोमलाचा निघाला. एपीएल या रक्ताच्या कर्करोगावर २००० साली अमेरिकेनंही त्याला मान्यता दिली. धागा परंपरेचा, हे मान्यच. पण सोमल काही वनस्पती नव्हे बरं का! मग केमो चालू असताना दहा-बारा मुळ्यांचा काढा पिणाऱ्याला आपण हार्बिनचा हवाला कसा देतो? त्यातलं काय कुणी वगळून पाहिलंय? त्याच्या डॉक्टरांना तरी काढ्याचं ठाऊक आहे का?