समाधानी सिस्टर आणि टिकणारी सिस्टर

नर्सेसच्या नोकरीतल्या समाधानावरचं संशोधन वाचायला घेतलं की हर्झबर्ग भेटतोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पगार, नियम, वरिष्ठ हे चांगले असले तर फार तर नाराजी कमी होते, खरं समाधान कामातून, कौतुकातून, प्रगतीतून मिळतं. हा सिद्धांत १९५९ चा. तो उभा आहे अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवर. नर्सेस त्यात नव्हत्याच.

आता तो काटोलला लावून बघू. ग्रामीण रुग्णालयातल्या दोन सिस्टर डोळ्यांसमोर आणा. एक कायम, दुसरी आरोग्य अभियानातली कंत्राटी. वॉर्ड तोच, पेशंट तेच, नाइटही तशीच. पहिली कितीही वैतागली तरी नोकरी सोडणार नाही. दुसरीला काम मनापासून आवडतं, पण कायम पदाची जाहिरात निघाली की ती अर्ज भरणारच. प्रश्नावलीत पहिली 'असमाधानी', दुसरी 'समाधानी'. टिकते मात्र पहिली!

म्हणजे समाधान मोजून टिकण्याबद्दल बोलणं हीच मुळात गडबड आहे. त्यात प्रश्नावली भरतात ड्युटीवर हजर असलेल्या. सोडून गेलेल्यांना कोणी विचारतच नाही.

याउलट लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास बघा. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे, त्याच पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं. त्यांनी एका नर्समागे पेशंट किती, हे मोजलं. एक पेशंट वाढला की नोकरीबद्दल असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी आणि पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी जास्त दिसली. हाही एकाच वेळचा अभ्यास, त्यामुळे कारण सिद्ध होत नाही. पण बोट योग्य जागी ठेवलंय.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारी नर्सेस संपावर गेल्या, तेव्हा खासगी कंपन्यांमार्फत भरती नको, ही मुख्य मागणी होती. कौतुक कमी पडतं म्हणून कोणी संप केला नव्हता. तरी आपल्या प्रबंधांच्या शेवटी शिफारशी काय? समुपदेशन, योग शिबिर, उत्कृष्ट परिचारिका पुरस्कार. रिकाम्या पदांचा प्रश्न असा सिस्टरच्या मनःस्थितीवर ढकलला जातो.

म्हणून पुढचा असा प्रबंध हातात आला की आधी तीन गोष्टी शोधा. नेमणूक कायम की कंत्राटी, रात्री एका सिस्टरकडे पेशंट किती, आणि सोडून गेलेल्या गेल्या कुठे. या नसतील, तर पुढचे तक्ते कितीही देखणे असोत, नर्सेस का जातात हे त्यातून कळणार नाही.