वामनदादांचं ऋण आणि डीजेचा ठोका

रॉक बँडचा चाहता बँडचे आभार मानतो, तिथे विषय संपतो. वामनदादा कर्डकांचं तसं नाही. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला हा शाहीर गावोगाव गायला, ते बाबासाहेबांचं ऋण मानूनच. म्हणजे श्रोत्याची कृतज्ञता दादांपाशी थांबत नाही, त्यांच्यातून पुढे जाते. आणि तिला पुढे नेतो तो शब्द.

आता आपल्या धारूरात जयंतीला डीजे लागतो. ठोका छातीत बसतो, शब्द मात्र कळत नाही. नाचणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांचं प्रेम खरं आहे. पण शब्दच गिळणारी ही कृतज्ञता मला अपुरी वाटते. पुढच्या खेपेला एक तरी गाणं नुसत्या पेटी-ढोलकीवर होऊ द्या की!