स्नायू थकतो, की त्याचा ताल चुकतो?

एकाच स्नायूला पुन्हा पुन्हा इजा झाली, की तो नीट भरून येणं का थांबतं? पाठ्यपुस्तकी उत्तर सोपं आहे: मूळपेशी संपतात. स्नायूतंतूंना चिकटून ‘सॅटेलाइट पेशी’ असतात. 1961 साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि नवे तंतू घडवतात. ड्यूशेन डिस्ट्रॉफीत डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसतं, त्यामुळे साध्या हालचालींनीही तंतूंना इजा होत राहते. दुरुस्त्या करून करून पेशींचा साठा आटतो, असं आपण शिकतो.

हे उत्तर मला अपुरं वाटतं. कारण आहे एरिक हॉफमन आणि टेरेन्स पार्ट्रिज यांच्या गटाचा 2014 चा, जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीमधला पेपर.

त्यांचं म्हणणं असं: किती वेळा लागलं यापेक्षा दोन इजांमध्ये किती दिवस गेले, हे बघा. दुरुस्तीला क्रम असतो. आधी दाह होतो, मॅक्रोफेज मलबा उचलतात, मग नवे तंतू तयार होतात. आता एका खोलीतलं प्लास्टर ओलं असताना शेजारची भिंत फोडायला घेतली तर? दोन्ही कामं बिघडणार. स्नायूतही शेजारशेजारच्या जागा वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्या की संदेशांची सरमिसळ होते. टीजीएफ-बीटा चालूच राहतो आणि तंतूंच्या जागी चिवट जोडऊती भरते. डिस्ट्रॉफी नसलेल्या उंदरांतही इजा लागोपाठ केल्यावर स्नायू डिस्ट्रॉफीसारखा दिसू लागला. दोन इजांमध्ये 10 दिवसांचं अंतर ठेवलं तरी जोडऊती वाढवणारी अवस्था टिकून राहिली.

पेपरची खरी ताकद इथेच आहे. जनुकीय दोष नसतानाही नुसत्या वेळेच्या गोंधळानं बिघाड करून दाखवला.

आता कच्चे दुवे. माणसांच्या बायॉप्सी तपासल्या हे मोठं काम, पण बायॉप्सी म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्यावरून ‘ताल चुकला म्हणून जोडऊती वाढली’ असं ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही सोबत दिसतात, एवढंच. शिवाय प्रयोगातली मुद्दाम केलेली मोठी इजा आणि आजारातल्या रोजच्या बारीक इजा एकसारख्या नाहीत. आणि ते 10 दिवस उंदराचे आहेत. कृपा करून जिमच्या वेळापत्रकात घालू नका!

साठा आटण्याची बाजूही निकालात निघालेली नाही. 2010 साली डिस्ट्रॉफीच्या उंदरांचे टेलोमिअर आखूड केल्यावर आजार खूप बळावला, म्हणजे पेशींची दमछाक खरी आहे. उलट 2015 च्या एका अभ्यासात डिस्ट्रॉफिक स्नायूतल्या सॅटेलाइट पेशी दुसऱ्या, अनुकूल स्नायूत लावल्यावर चांगलं काम करत होत्या.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. पेशी संपल्या असतील तर बाहेरून पेशी द्याव्यात. पण जमीनच बिघडली असेल, तर नवं बी पेरून काय उगवणार? आधी दाह आणि टीजीएफ-बीटा आवरावे लागतील. मला वाटतं, दोन्ही लागेल, पण क्रम महत्त्वाचा: आधी जमीन, मग बी. म्हणूनच पेशी-उपचाराचा नवा पेपर हातात आला की एक प्रश्न जरूर विचारा: पेशी लावल्या तेव्हा त्या स्नायूची अवस्था काय होती?