गायतोंडे यांची चित्रे : सहज म्हणजे सोपे नव्हे

अमूर्त चित्रासमोर उभे राहिले की आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य येते : "असे तर आमचा नातूही काढील!" या वाक्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्यांनी कारखान्यात, शेतावर राबून नव्या देशात संसार उभा केला, त्यांना घामाशिवाय झालेल्या कामाचा संशय यावा, हे रास्तच आहे. त्यातून चित्रकार "आतून आले तसे काढले" असे म्हणू लागला की संशय अधिकच बळावतो. म्हणून हा प्रश्न एका मोठ्या चित्रकाराच्या कामावर घासून पाहू. तो चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे, वाढले मात्र मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. आपले कवी निसीम इझिकेल यांचेही जन्मसाल १९२४, आणि १९६४ ते १९६६ या काळात ते 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासमीक्षक होते. हिटलरच्या छळातून निसटून मुंबईस आलेले व्हिएन्नाचे ज्यू उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर हे त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेऊन त्यांना हात देत. तेव्हा मुंबईची ही नवी चित्रकला आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही.

गायतोंडे प्रथम माणसांचीच चित्रे काढीत. रेषेवर त्यांचा हात पक्का होता. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी माणूस, घर, झाड हे सारे चित्रातून वगळले. म्हणजे काढता येत नव्हते म्हणून सोडले असे नव्हे, तर येत असूनही सोडले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणेही त्यांना पसंत नव्हते. वस्तूचा त्यांत संबंधच नाही, एवढेच ते म्हणत.

त्यांची कामाची पद्धत पाहण्याजोगी आहे. वॉर्डन रोडवरील समुद्रकाठच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९७२ नंतर दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, ते एकटेच काम करीत. कुंचल्याऐवजी बहुधा रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, सुरीने खरवडायचा, फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवायचा किंवा उचलून घ्यायचा, पुन्हा थर द्यायचा. आणि या साऱ्याच्या आधी व मध्ये नुसते बसून पाहायचे. वर्षाकाठी पाचसहा कॅनव्हास झाले तर पुष्कळ. कोकणात घाण्यावर तेल काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते की तेल निवळेपर्यंत थांबणे हेही कामच असते.

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. रंग कसा पसरेल हे थोडेबहुत दैवावर असते. पण पसरलेल्यातले काय ठेवायचे आणि काय खरवडायचे, हा निर्णय माणसाचा असतो. ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती या निर्णयात आहे, आणि ती वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून कमावलेली आहे. शिवाय हे अंगमेहनतीचेही काम आहे. १९८४ साली अपघात झाल्यावर मोठ्या कॅनव्हासचे काम काही वर्षे बंदच पडले आणि कागदावरील लहान रेखाटनांवर भागवावे लागले. प्रेरणा होती, पण शरीर साथ देईना.

तरीही दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की गायतोंडे यांचे मौन, झेनची ओढ, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याविषयीची आस्था यांवर इतके लिहिले गेले आहे की चित्रकाराचा साधू झाला आणि चित्रे मागे पडली. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात एका चित्राला २३.७ कोटी रुपये आले, त्यानेही हेच झाले. किंमत पाहायला गर्दी जमते, रंग पाहायला नाही.

दुसरी गोष्ट चित्रांबद्दलच आहे. त्यांच्या काही चित्रांतील आकार कोण्या अज्ञात लिपीसारखे दिसतात. उल्पानच्या फळ्यावर हाताने लिहिलेली हिब्रू अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी प्रथम पाहिली, तेव्हा छापील प्रार्थनेतली ओळखीची अक्षरेही नुसते आकार वाटली होती. तसेच येथे होते. मन वाचू पाहते, वाचता येत नाही, आणि त्या खटपटीत रंग निसटतो. माझ्या मते अशी चित्रे थोडी उणी पडतात. जेथे आकार रंगात विरघळत जातो, जसे सत्तरीच्या दशकातील काही पिवळ्या-नारिंगी चित्रांत, तेथे गायतोंडे खरे मोठे आहेत. त्या चित्रांतला उजेड वरून पडलेला वाटत नाही, थरांच्या आतून येतो. खरवडून काढलेल्या जागेतून खालचा रंग दिसतो म्हणून तो उजेड.

२००१ साली गायतोंडे गेले. मुंबईस किंवा दिल्लीस जाणे झाले तर तेथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे चित्र लावलेले आहे का ते अवश्य विचारावे, आणि असल्यास त्यासमोर पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. "हे काय काढले आहे?" असे विचारण्याऐवजी "काय काढून टाकले आहे?" असे विचारावे. नातू एखादा सुंदर डाग पाडीलही. पण तो ठेवावा की खरवडावा हे ठरविण्यासाठी सहा महिने त्याच्यासमोर बसायची त्याची तयारी असेल, तर त्याला रंग जरूर आणून द्यावेत.