'सिस्टर केनी': पडद्यावर न आलेला वाद

विज्ञानाच्या तासाला दाखवता येतील असे कथापट थोडेच. १९४६ साली निघालेला 'सिस्टर केनी' हा अमेरिकन चित्रपट त्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी (१८८०–१९५२) या परिचारिकेची ही गोष्ट. रोझालिंड रसेलचा अभिनय उत्तमच आहे. तरी वर्गात दाखवण्यापूर्वी शिक्षकांनी तो एकदा संशयाने पाहावा.

सुरुवातीचा प्रसंग मात्र मला फार आवडतो. पोलिओ झालेली एक लहान मुलगी वेदनेने तळमळते आहे. केनीला हा रोग अनोळखी. डॉक्टरांची तार येते: यावर उपचार माहीत नाही, दिसतील त्या लक्षणांवर जमेल ते करा. मग केनी नीट पाहते. स्नायू आखडले आहेत. ती लोकरी कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून त्या भागावर गुंडाळते. वेदना उतरल्यावर स्नायू पुन्हा वापरायला शिकवते. त्या काळची रीत नेमकी उलटी होती. निरोगी स्नायूंच्या ओढीने हातपाय वाकडे होऊ नयेत म्हणून ते फळ्यांना किंवा प्लास्टरमध्ये महिनोन्महिने जखडून ठेवत. यातही तर्क होता. चित्रपट त्याला न्याय देत नाही. त्यातले डॉ. ब्रॅक निव्वळ हटवादी आहेत. असे एक पात्र उभे केले की पटकथाकाराचे काम सोपे होते!

खरा वाद अवघड होता. रोग मुख्यतः स्नायूंत आहे, हे केनीचे म्हणणे चूक होते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी मारतो. मेलेल्या पेशी शेकाने परत येत नाहीत. शिवाय पुष्कळ रुग्णांत गेलेली ताकद काही महिन्यांत आपोआप थोडीफार परत येते. मग केनीचे रुग्ण शेकाने सुधारले, की सुधारणारच होते? सारख्या रुग्णांचे दोन गट करून तुलना केल्याशिवाय हे कळत नाही. तशी धड तुलना ना केनीपाशी होती, ना फळ्या बांधणाऱ्यांपाशी. १९३८ साली क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने तिच्याविरुद्ध अहवाल दिला. १९४२ साली मिनियापोलिसला तिच्या नावाची संस्था उभी राहिली. अमेरिकेतील अनेक डॉक्टरांनी तिची पद्धत उचलली, सिद्धान्त मात्र नाकारला. चुकीच्या सिद्धान्तातून बरा उपचार निघू शकतो, ही या कथेतली सर्वांत रंजक गोष्ट. पण पडद्यावर ती येतच नाही.

एका शिबिरात मी तारेच्या प्रसंगानंतर चित्रपट थांबवला आणि विचारले, "ही मुलगी शेकानेच बरी झाली, हे कसे ओळखाल?" नववीतली एक मुलगी म्हणाली, "एका पायाला शेक द्यायचा, दुसऱ्याला नाही." थोड्या वेळाने तिनेच पुन्हा हात वर केला. "पण सर, तो दुसरा पायही दुखत असेल ना?"