मुखवट्यामागील नट

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वींच त्याच्या गुणदोषांचा निकाल लावून मोकळें होणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस आजवर सांगत आलों आहोंत. परंतु अमेरिकेंतील चित्रकथांवरून निघणाऱ्या सुपरहीरो चित्रपटांच्या बाबतींत हा नियम केव्हांच मोडला गेला आहे. तेथें चित्रपट तयार होण्यास अद्याप वर्ष-दीड वर्षाचा अवकाश असतो, संवादही लिहून पुरे झालेले नसतात. आणि अमुक वीराची भूमिका अमुक नट करणार, एवढी एक ओळ प्रसिद्ध होतांच हजारों लोक त्या नटाची उंची, हनुवटी, खांद्यांची रुंदी व मागील भूमिका यांची चिकित्सा करूं लागतात. हा वाद आतां सातासमुद्रांपलीकडचाही राहिलेला नाहीं. आमच्याकडील सुशिक्षित घरांतील मुलेंमुली त्यांत हिरिरीनें भाग घेतात, आणि वडीलधारी मंडळी 'काय हा पोरखेळ!' म्हणून मान फिरवितात. आम्हांस तो निव्वळ पोरखेळ वाटत नाहीं. त्यांत एक खरा वाङ्मयीन प्रश्न दडलेला असतो. मात्र तो बहुधा भलत्याच आरोपीस विचारला जातो.

या प्रकारचें सर्वांत बोलकें उदाहरण १९८८ सालचें आहे. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेनें त्या वर्षीं बॅटमनच्या भूमिकेसाठीं मायकेल कीटन या नटाची निवड जाहीर केली. कीटनची तोंवरची ख्याती विनोदी नट म्हणून होती. १९८३ च्या 'मिस्टर मॉम'मध्यें नोकरी गेल्यामुळें घर सांभाळतांना तारांबळ उडालेला बाप त्यानें रंगविला होता, आणि त्याच साल-दोन सालांत नव्हे तर निवडीच्याच वर्षीं 'बीटलज्यूस'मध्यें तो वात्रट भूत होऊन आला होता. बांधा सडपातळ, केस विरळ होत चाललेले, हनुवटी बेताची. चित्रकथेंतील बॅटमन म्हणजे पहाडासारखा पुरुष! निषेधाचीं सुमारें पन्नास हजार पत्रें चित्रसंस्थेकडे गेलीं असें सांगतात. नोव्हेंबरांत तर 'वॉल स्ट्रीट जर्नल'सारख्या, पैशाअडक्याच्या उलाढालीस वाहिलेल्या पत्रानेंही या तक्रारीस आपल्या पहिल्या पानावर जागा दिली.

हीं पत्रें लिहिणारे लोक वेडे होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बॅटमन प्रथम अवतरला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकांत. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे जनक. (पैकीं फिंगरचें नांव केनच्या शेजारीं अधिकृतपणें छापलें जाण्यास २०१५ साल उजाडावें लागलें, तो बिचारा १९७४ सालींच वारला होता.) आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेलें एक पोर मोठेपणीं वटवाघळाचा वेष घेऊन रात्रीं गुन्हेगारांच्या पाठीस लागतें, ही मूळ कल्पना. ती करुण आहे, भयानक आहे, आणि किंचित् पाय घसरला तर हास्यास्पदही आहे. १९६६ ते १९६८ या काळांत दूरचित्रवाणीवर चाललेल्या मालिकेनें तो पाय हेतुपुरस्सर घसरूं दिला. अॅडम वेस्ट हा नट त्यांत अत्यंत गंभीर चेहऱ्यानें अत्यंत खुळचट गोष्टी बोलत असे, आणि मारामारीच्या वेळीं ठोशांचे आवाज मोठ्या रंगीत अक्षरांनीं पडद्यावर झळकत. मालिका आपल्या परीनें गमतीची होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पुढें वीस वर्षें बॅटमनचें नांव काढलें कीं लोक हंसत. १९८६ मध्यें फ्रँक मिलर यानें वयोवृद्ध व कडवट बॅटमनची कथा लिहून त्या पात्रास त्याची काळोखी प्रतिष्ठा परत मिळवून दिली. म्हणजे वाचकांच्या हातीं त्यांचा नायक नुकताच कोठें परत आला होता, तोंच तो एका विनोदी नटाच्या स्वाधीन होत आहे असें त्यांनीं वाचलें.

त्याच वर्षीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. बॅटमनचा तरुण साथीदार रॉबिन (हा दुसरा रॉबिन, जेसन टॉड) याला जगवावें कीं मारावें, याचा कौल प्रकाशकांनीं वाचकांकडून दूरध्वनीनें घेतला. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनीं त्या पोराचा जीव गेला! ज्या वाचकांस पात्राच्या जन्ममरणाचा अधिकार देण्यांत आला, त्यांनीं त्याच वर्षीं नायकाच्या चेहऱ्यावरही अधिकार सांगितला तर त्यांत नवल तें काय? पन्नास वर्षें अनेक हातांनीं लिहिलेलें, अनेकांनीं रेखाटलेलें असें पात्र आमच्या पुराणांतील पात्रांसारखें होऊन बसतें. तें कोणा एकाच्या मालकीचें राहत नाहीं. कायद्यानें असलें तरी मनानें नाहीं.

येथवर आम्ही त्या पत्रलेखकांच्या बाजूचे आहोंत. त्यांचा खरा प्रश्न रसाचा होता. हा चित्रपट हास्यरसाकडे झुकणार कीं भयानक व करुण यांच्याकडे, हें त्यांस हवें होतें. परंतु या प्रश्नाचें उत्तर दिग्दर्शकापाशीं, लेखकापाशीं, नगररचनेचे देखावे उभारणाऱ्यापाशीं मागावयाचें सोडून त्यांनीं नटाची हनुवटी मोजावयास घेतली. पात्रयोजनेचा विचार भरतमुनींनीं फार पूर्वीं करून ठेवला आहे. देवांच्या, राक्षसांच्या, राजांच्या भूमिकांस कशा अंगलटीचे नट हवेत तें त्यांनीं सांगितलें. पण त्याबरोबरच अनुरूप, विरूप आणि रूपानुसारी असे भूमिकेचे तीन प्रकारही मानले. वृद्धानें बालकाची भूमिका घेतली तर ती विरूप, पुरुषानें स्त्रीची घेतली तर ती रूपानुसारी. म्हणजे रूप जुळणें ही एक सोय आहे, अट नव्हे. बालगंधर्वांच्या भामिनीपुढें बसलेल्या प्रेक्षकांस ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि बॅटमनच्या बाबतींत तर रूपाचा वाद अधिकच फोल. मुखवटा चढविल्यावर नटाचे डोळे, ओठ आणि हनुवटी एवढेंच उरतें. छातीचे स्नायू रबरी पोषाखांत घडविलेलेच असतात. दिग्दर्शक टिम बर्टन यानें या निवडीचें जें समर्थन केलें तें आम्हांस मार्मिक वाटतें. जो मूळचाच पहिलवान आहे त्यास वटवाघळाचें सोंग घेण्याची गरज काय? सोंग घेतो तो दुबळा, पोळलेला मनुष्य.

चित्रपट २३ जून १९८९ रोजीं प्रदर्शित झाला, आणि एकट्या अमेरिकेंत त्यानें पंचवीस कोटि डॉलरहून अधिक धंदा केला. पण गल्ल्यावरून कलेचा निकाल लावणें आम्हांस मान्य नाहीं, म्हणून कीटनच्या कामाकडेच पाहूं. आपल्याच वाड्यांतील लांबलचक मेजावर पाहुणीबरोबर जेवतांना, या दालनांत आपण पूर्वीं कधीं आलों होतों कीं नाहीं याचीच ब्रूस वेनला खात्री नसते. हा विसराळूपणा कीटन विनोदी नटाच्या सफाईनें दाखवितो. आपण हंसतों, आणि हंसतां हंसतांच लक्षांत येतें कीं या मनुष्याला घर असें नाहींच. पहाडासारख्या सुंदर पुरुषाकडून हें साधलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. कीटनमध्यें दोष नाहीं असें नव्हे. पोषाखांत त्याची मान वळत नाहीं, त्यामुळें मारामारींत तो ताठरतो. उत्तरार्धांत तर जॅक निकोल्सनचा जोकर चित्रपट त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतो. परंतु पत्रलेखकांस ज्याची धास्ती होती तो थिल्लरपणा कोठेंही नाहीं. त्याचें श्रेय अँटन फर्स्ट यानें उभारलेल्या त्या धुरकट, अंगावर येणाऱ्या गॉथम नगरीसही द्यावें लागेल. तिच्या देखाव्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें तें योग्यच झालें.

आतां याच्या उलट बाजू पाहा. १९९७ च्या 'बॅटमन अँड रॉबिन'मध्यें जॉर्ज क्लूनी होता. ओठ, हनुवटी, खांदे, चालण्यांतील ऐट, सर्व कांहीं चित्रकथेंतून उचलून आणल्यासारखें. भरतमुनींच्या भाषेंत शंभर टक्के अनुरूप! आणि चित्रपट? बर्फावरील कोट्यांची आतषबाजी. १९८८ च्या पत्रलेखकांस जें भय होतें तें अक्षरशः खरें ठरलें. पण तें घडलें विनोदी नटाकडून नव्हे, तर देखण्या नायकाच्या चित्रपटांत. क्लूनीनें त्याबद्दल पुढें अनेकदां जाहीर माफी मागितली आहे, आणि बॅटमनचे चित्रपट त्यानंतर आठ वर्षें थांबले.

चित्रकथेंतील वुल्व्हरिन हा पांच फूट तीन इंचांचा ठेंगू. ती भूमिका २००० सालीं सहा फुटांहून उंच ह्यू जॅकमननें केली, आणि आतां मूळ चित्रेंच लोकांस परकीं वाटतात. २००६ मध्यें जोकरसाठीं हीथ लेजरचें नांव निघालें तेव्हां प्रेमकथांतील या तरुणाचा उपहास झाला. जानेवारी २००८ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं तो वारला. जुलैमध्यें 'द डार्क नाइट' आला, आणि पुढील वर्षीं त्यास मरणोत्तर ऑस्कर मिळालें. हीं उदाहरणें इतक्यांदा सांगितलीं जातात कीं त्यांतून एक नवीनच अंधश्रद्धा जन्मास आली आहे: ज्या अर्थीं लोक ओरडतात त्या अर्थीं निवड उत्तम असली पाहिजे! बेन अॅफ्लेकच्या निवडीवर २०१३ सालीं काहूर उठलें. २०१६ सालचा त्याचा पहिला चित्रपट टीकाकारांस मुळींच रुचला नाहीं. तेव्हां आरडाओरड ही यशाची खूण नव्हे, अपयशाचीही नव्हे. चित्रसंस्थांस मात्र ती आतां फुकटची जाहिरात वाटूं लागली असल्यास आश्चर्य नाहीं. १९८८ च्या नाताळांत प्रेक्षकांची समजूत घालण्यासाठीं कीटनच्या चित्रपटाची लहानशी झलक घाईघाईनें चित्रगृहांत पाठवावी लागली होती, आणि तेवढ्यासाठींच तिकीट काढून मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वीं उठून जाणारे लोक निघाले. हा धडा धंदेवाल्यांनीं चांगलाच गिरविला आहे.

या वादांतील एका प्रकाराकडे मात्र आम्हांस कौतुकानें पाहवत नाहीं. २०१५ च्या 'फँटॅस्टिक फोर'मध्यें जॉनी स्टॉर्म या पात्रासाठीं मायकेल बी. जॉर्डन या कृष्णवर्णी नटाची निवड झाली, तेव्हां मूळ पात्र गोरें आहे एवढ्याच कारणावरून त्याच्यावर गरळ ओकण्यांत आलें. वर्ण हा पात्राच्या अंतरंगाचा भाग असूं शकतो. ब्लॅक पँथर हा आफ्रिकेंतील एका राज्याचा राजा, त्याची कथा वर्णाशिवाय उभीच राहणार नाहीं. जॉनी स्टॉर्मची गोष्ट तशी नाहीं. १९६१ मध्यें स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं तो निर्माण केला तो उतावळा, बढाईखोर, बहिणीवर जीव टाकणारा पोरगा म्हणून. यांतील कोणता गुण कातडीच्या रंगांत राहतो? चित्रपट पडला हें खरें. पण तो पडला तो रेंगाळलेल्या पूर्वार्धामुळें आणि कसाबसा उरकलेल्या शेवटामुळें. पुढें २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्यें जॉर्डननें किलमंगर हा प्रतिनायक रंगविला. पूर्वजांच्या अन्यायाचा हिशेब मागत तो सिंहासनापुढें उभा राहतो, तेव्हां प्रेक्षकाची सहानुभूति नायकाकडे राहावी कीं याच्याकडे वळावी असा क्षणभर पेंच पडतो. हा अंगार त्या नटांत तीन वर्षांपूर्वींही होता. त्यास बोलावयास वाक्यें तेवढीं कोणी दिलीं नव्हतीं.